घास अडकतो तेव्हा : अन्ननलिकेचा कर्करोग खरोखर रक्तातून येतो का?



मागील अंकात सातपुड्यातील आरोग्य शिबिरांचा वृत्तांत दिला होता. त्यात अन्ननलिकेच्या कर्करोगाचे रुग्ण आढळल्याचा उल्लेख जेमतेम एका ओळीत होता. पण त्याच ओळीवर सर्वांत जास्त फोन आणि पत्रे आली. शब्द वेगवेगळे, प्रश्न बहुधा एकच : "हा आजार आदिवासींच्या रक्तातच असतो का?" एका ज्येष्ठ सभासदांनी तर आपल्या देणगीतून पाड्यांवरील लोकांची जनुक तपासणी करून घ्यावी, असे सुचवले. त्यांची कळकळ खरी आहे, म्हणूनच त्यांना फोनवर "नको" एवढेच सांगून थांबणे योग्य वाटले नाही.

हाच प्रश्न दुसऱ्या टोकाकडूनही येतो. धडगाव भागातील एका पाड्यावर सासरे या आजाराने वारले, तेव्हा त्यांच्या सुनेने विचारले, "भाऊ, बाबाला झालं ते माझ्या पोरांनाबी होईल का?" घरात कोणी म्हणत होते बाहेरची बाधा, कोणी म्हणत होते दारूची शिक्षा. पण सासरे दारूला शिवत नव्हते. बिडी ओढायचे, पण बिडी तर अख्खा पाडा ओढतो. मग त्यांनाच का? आजकालचे वैज्ञानिकही, त्यांच्या भाषेत, हेच विचारत आहेत : सगळे एकाच धुरात, एकाच चुलीभोवती राहत असताना काहींनाच हा रोग का होतो? त्या "का"च्या उत्तरातील एक लहानसा, पण खरा भाग जन्मजात मिळालेल्या रोगप्रतिकारशक्तीच्या जनुकांमध्ये आहे. तो भाग केवढा आहे आणि केवढा नाही, ते आज पाहू.

अन्ननलिका म्हणजे घशापासून जठरापर्यंत अन्न नेणारी साधारण वीतभर लांबीची स्नायूंची नळी. ती लवचीक असते, ताणली जाते, आणि हाच तिचा घात आहे. आत गाठ वाढत असली तरी नळी बराच काळ सांभाळून घेते. आधी भाकरीचा घास अडकतो, मग माणूस भात कालवून खाऊ लागतो, मग पेजेवर येतो, आणि पाणीही उतरेनासे झाले की दवाखाना आठवतो. तोवर उशीर झालेला असतो. २०२० साली जगात या कर्करोगाचे सुमारे ६ लाख ४ हजार नवे रुग्ण नोंदले गेले आणि सुमारे ५ लाख ४४ हजार माणसे दगावली. हे दोन आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत, ते पाहावे.

या कर्करोगाचे दोन मुख्य प्रकार आहेत. एक नळीच्या आतल्या अस्तराच्या चपट्या पेशींत सुरू होतो. भारतात, चीनमध्ये, आफ्रिकेत प्रामुख्याने हाच. दुसरा जठराजवळच्या टोकाला ग्रंथींच्या पेशींत होतो. त्याचा संबंध वर्षानुवर्षे आम्ल वर येण्याशी आणि लठ्ठपणाशी आहे, आणि तो पाश्चात्त्य देशांत जास्त. आपल्या शिबिरांत दिसणारा पहिला. या लेखात बहुतेक बोलणे त्याच्याविषयी.

आता थोडे दूर, चीनच्या हेनान प्रांतात जाऊ. तिथे ताईहांग पर्वताच्या पायथ्याशी लिनशियान नावाचा तालुका होता. आज त्याला लिनझोऊ म्हणतात. खडकाळ जमीन, पाण्याचे दुर्भिक्ष. १९६० च्या दशकात तेथील लोकांनी डोंगर फोडून कालवा आणला, तो चीनभर प्रसिद्ध आहे. पण त्याआधीपासून हा तालुका आणखी एका गोष्टीसाठी ओळखला जात होता. तिथे घशाखाली अन्न न उतरण्याचा आजार इतका होता की प्रत्येक गावात त्याची उदाहरणे असत. संशोधक गेले, तेव्हा जगातील सर्वाधिक प्रमाणांपैकी एक इथे सापडले. इतकेच नव्हे, गावकऱ्यांच्या कोंबड्यांनाही घशाच्या नळीचा कर्करोग होत असल्याचे आढळले. माणूस आणि कोंबडी यांच्यात काय समान? रक्त तर नक्कीच नाही. अंगण समान, उष्टे-खरकटे समान, पाणी समान.

लिनशियानच्या गरिबांच्या ताटात फळे आणि ताजी भाजी फार कमी. हिवाळ्यासाठी भाज्या आंबवून ठेवायच्या, त्यांवर बुरशी धरायची. घरात कोळशाचा धूर. म्हणून शास्त्रज्ञांनी तिथे एक मोठा प्रयोग केला. १९८६ ते १९९१ या काळात २९,५८४ प्रौढांना जीवनसत्त्वे आणि खनिजे यांच्या वेगवेगळ्या जोड्या दिल्या. बीटा कॅरोटीन, ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम एकत्र घेणाऱ्यांमध्ये एकूण मृत्यू ९ टक्क्यांनी आणि कर्करोगाचे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी झाले. अन्ननलिकेच्या कर्करोगावर मात्र स्पष्ट परिणाम दिसला नाही, फायदा मुख्यतः जठराच्या कर्करोगात दिसला. गोळीने सगळे सुटत नाही, हे मला या प्रयोगातले महत्त्वाचे वाटते. ताट रिकामे असलेल्याला केवळ गोळी देऊन चालत नाही.

तरीही एक कोडे उरले. लिनशियानमध्येही काही घराण्यांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या दिसे आणि शेजारच्या घरात नसे. एकाच घराण्यात चूल, लोणची, विहीर हे सगळे वारशानेच मिळते, त्यामुळे "घराण्यात आहे" म्हणजे "जनुकांत आहे" असे लगेच म्हणता येत नाही. पण शंका घ्यायला जागा होती. जनुकांची वाचणी स्वस्त झाल्यावर शास्त्रज्ञांनी तीही तपासून पाहिली. २०१४ साली चिनी आणि अमेरिकी संशोधकांनी तीन मोठे अभ्यास एकत्र करून निष्कर्ष मांडले. पहिल्या टप्प्यात ५,३३७ रुग्ण आणि ५,७८७ निरोगी माणसे, नंतर पडताळणीसाठी आणखी ९,६५४ रुग्ण आणि १०,०५८ निरोगी माणसे. त्यात जी ठिकाणे ठळकपणे पुढे आली, त्यांतील दोन थेट रोगप्रतिकारशक्तीची होती.

ती समजण्यासाठी शरीरातील पहारा कसा चालतो ते आधी पाहू.

आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी सतत प्रथिने बनवते आणि मोडते. मोडलेल्या प्रथिनांचे बारीक तुकडे पेशी एका छोट्या ताटलीत घालून आपल्या दाराबाहेर ठेवते, असे समजा. गस्त घालणाऱ्या पांढऱ्या पेशी, म्हणजे शरीराचे जागले, येता जाता त्या ताटलीत डोकावतात. ओळखीचे तुकडे दिसले तर पुढे जातात. विषाणूचा किंवा बिघडलेल्या पेशीचा अनोळखी तुकडा दिसला तर आरडाओरडा करतात. या ताटल्या बनवणाऱ्या जनुकांच्या समूहाला एचएलए म्हणतात आणि तो सहाव्या गुणसूत्रावर असतो. अवयवरोपणाच्या वेळी "जुळतंय का" ते पाहतात, ते हेच. प्रत्येकाला आईकडून एक संच मिळतो, वडिलांकडून एक. मानवजातीत या ताटल्यांचे हजारो नमुने आहेत. शरीरातील सर्वाधिक विविधता असलेल्या जनुकांत यांची गणना होते. कोणाच्या ताटलीत अमुक तुकडा नीट बसतो, कोणाच्या ताटलीतून निसटतो. ज्याच्याकडे तो निसटतो, त्याच्या जागल्याला ती गोष्ट उशिरा कळते.

ताटल्यांचे दोन वर्ग आहेत. पहिला वर्ग जवळजवळ सर्वच पेशींकडे असतो. दुसरा मुख्यतः त्या खास पेशींकडे, ज्या फिरून तुकडे गोळा करतात आणि जागल्यांना शिकवतात : हा पाहा, असा दिसतो चोर. २०१४ च्या अभ्यासात या दुसऱ्या वर्गाच्या जागेतील एक फरक ताईहांग परिसरासारख्या सर्वाधिक धोक्याच्या भागांतील लोकांमध्ये रोगाशी जोडलेला आढळला. आणि तोही त्या लोकांपुरताच; चीनमधील सर्वांमध्ये तो तसा दिसला नाही.

दुसरे ठिकाण म्हणजे स्टिंग नावाच्या प्रथिनाचे जनुक. हा पेशीच्या आतला भोंगा आहे. डीएनए पेशीच्या केंद्रकात, म्हणजे जणू कुलूपबंद खोलीत, असायला हवे. ते बाहेर सांडलेले दिसले तर मुख्यतः दोन गोष्टी संभवतात : कोणी विषाणू आत शिरला आहे, किंवा पेशीचे स्वतःचे गुणसूत्र तुटले आहे. स्टिंग तिथे भोंगा वाजवतो आणि प्रतिकारशक्ती धावून येते. या जनुकातील एक बारीकसा फरक ज्यांच्याकडे होता, त्यांच्यात प्रत्येक प्रतीमागे धोका सुमारे १५ टक्क्यांनी कमी आढळला. गंमत अशी की या फरकाने प्रथिनाची रचना बदलत नाही. बहुधा ते किती बनते, कधी बनते, यात थोडाफार फरक पडत असावा.

इथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. प्रतिकारशक्ती म्हणजे जितकी जास्त तितकी चांगली, असे नाही. उकळता चहा, तंबाखूचा रस, दारू यांनी अस्तर रोज भाजले की तिथे दाह होतो. दाह म्हणजे प्रतिकारशक्तीचे सैन्य आल्याची खूण. ते साफसफाई करते, पण त्याची रसायने आजूबाजूच्या पेशींनाही इजा करतात, आणि झीज भरून काढण्यासाठी पेशी पुन्हा पुन्हा दुभंगतात. प्रत्येक दुभंगात नक्कल चुकण्याची शक्यता. दोनचार दिवसांच्या जखमेत याने काही बिघडत नाही. वीस-तीस वर्षे रोज हेच चालले तर बिघडते. म्हणून दाह किती पेटावा आणि कधी विझावा हे ठरवणाऱ्या जनुकांतील फरकांकडेही संशोधकांचे लक्ष आहे. त्यावरचे अनेक अभ्यास काहीशे माणसांचे, एकेका भागातले, आणि एकाचा निष्कर्ष दुसऱ्याशी जुळत नाही. वर्तमानपत्रात "कर्करोगाचे जनुक सापडले" अशी बातमी वाचली की आधी किती माणसे तपासली ते पाहण्याची सवय मी लावून घेतली आहे.

पाश्चात्त्य देशांतील प्रकाराच्या बाबतीतही २०१२ साली असेच काहीसे आढळले. आम्ल वर येऊन अन्ननलिकेचे अस्तर बदलते, त्या स्थितीला बॅरेट अन्ननलिका म्हणतात. तिच्यातून पुढे दुसऱ्या प्रकारचा कर्करोग होऊ शकतो. तिचा धोका ज्या दोन ठिकाणांशी जोडलेला आढळला, त्यांतले एक सहाव्या गुणसूत्रावरील याच ताटल्यांच्या वस्तीत होते. म्हणजे प्रतिकारशक्तीचा वारसा आणि अन्ननलिका यांचे नाते काल्पनिक नाही.

पण हे नाते किती बळकट?

ताईहांगमधील एचएलए फरकाने धोका वाढतो तो प्रत्येक प्रतीमागे सुमारे एक तृतीयांशाने. ऐकायला मोठे वाटते. उदाहरण म्हणून समजा, एखाद्या ठिकाणी हजार माणसांपैकी १० जणांना आयुष्यात हा आजार होतो. तर या फरकाची एक प्रत असलेल्या हजार जणांत तो साधारण १३ जणांना होईल. बाकीचे ९८७ जण तोच वारसा घेऊन या आजाराशिवाय आयुष्य काढतील. आणि ज्यांच्याकडे तो फरक नाही त्यांच्यातही १० जण आजारी पडतील. मग तपासणीचा कागद हातात घेऊन आपण त्या माणसाला काय सांगणार?

याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. फ्रान्सच्या ब्रिटनी भागात १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात भरपूर दारू आणि भरपूर तंबाखू दोन्ही घेणाऱ्यांचा धोका, दोन्ही अगदी कमी घेणाऱ्यांच्या तुलनेत, चाळीसपटींहून जास्त निघाला. इराणच्या गोलेस्तान प्रांतात, जिथे तुर्कमेन लोकांत हा कर्करोग फार आहे, ७० अंश किंवा त्याहून गरम चहा पिणाऱ्यांमध्ये तो कोमट किंवा साधारण गरम चहा पिणाऱ्यांच्या सुमारे आठपट आढळला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंशांवरील पेयांना "बहुधा कर्करोगकारक" ठरवले. एकीकडे एक तृतीयांश, दुसरीकडे आठपट, चाळीसपट.

आणखी एक साक्ष आहे, आणि माझ्या मते तीच सर्वांत भक्कम. लिनशियानमध्ये गेल्या काही दशकांत हा आजार बराच कमी झाला आहे. पाणी आले, ताजी भाजी आली, बुरशीची लोणची मागे पडली, तपासणी सुरू झाली. माणसे तीच, त्यांची जनुकेही तीच. चाळीस वर्षांत कोणाचे रक्त बदलत नाही.

वारसा हाच निकाल ठरावा असे एक उदाहरण वैद्यकात आहे, तेही सांगायला हवे, नाहीतर चित्र अर्धेच राहील. १९५८ साली इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे दोन कुटुंबे डॉक्टरांच्या नजरेत आली. त्यांच्यातील काहींच्या तळहाता-तळपायांची कातडी जाड, घट्टेदार असे, आणि अशांपैकी बहुतेकांना पुढे अन्ननलिकेचा कर्करोग होई. ज्यांची कातडी साधी, ते सुटत. एका जनुकाच्या बिघाडाने हे होते, हे २०१२ मध्ये निश्चित झाले. त्या जनुकाचे प्रथिन दाहाचा संदेश पेशीबाहेर सोडण्याच्या कामात भाग घेते, म्हणजे इथेही धागा प्रतिकारशक्तीपर्यंत जातो. पण अशी कुटुंबे जगात बोटांवर मोजण्याइतकी आहेत. शिबिरात एका बाईंनी हाताचे घट्टे दाखवून घाबरून विचारले होते, म्हणून स्पष्ट लिहितो : कुदळ-कोयत्याने पडलेले घट्टे म्हणजे हा आजार नव्हे.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे : "आदिवासींच्या रक्तातच असतो का?"

भारतात अन्ननलिकेच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वाधिक आहे ते ईशान्येकडे, विशेषतः मेघालयातील पूर्व खासी हिल्स जिल्हा आणि मिझोराममधील ऐझॉल. दोन्हीकडे बहुसंख्य लोक आदिवासी, आणि दोन्हीकडे बहुसंख्य ख्रिस्ती. खासी टेकड्यांत वेल्सचे मिशनरी १८४१ साली पोहोचले. त्यामुळे आपल्या सभांमध्ये ही उदाहरणे दिली जातात, आणि त्यांतून "आदिवासी रक्त" असा निष्कर्ष काढला जातो. पण खासी ऑस्ट्रोआशियाई भाषा बोलतात, मिझो तिबेटी-ब्रह्मी कुळातली, आपले गोंड द्राविडी कुळातली, तर भिल्ल आणि वारली यांच्या बोली मराठी-गुजरातीच्या नात्यातल्या. यांचे पूर्वज वेगळे, वाटा वेगळ्या. "आदिवासी" हा सरकारी आणि सामाजिक शब्द आहे, एका रक्ताचे नाव नाही. उलट काश्मिरी लोकांत, इराणच्या तुर्कमेनांत, चीनच्या हान शेतकऱ्यांत हा आजार भरपूर आहे, आणि त्यांना कोणी आदिवासी म्हणत नाही.

समान आहे ते वेगळेच. खासी लोक ओली, आंबवलेली सुपारी पान-चुन्यासह दिवसभर खातात, तिला क्वाई म्हणतात. पाहुण्याचे स्वागतही तिनेच होते. मिझोराममध्ये तंबाखूच्या धुराचे पाणी, तुइबुर, तोंडात धरतात. काश्मीरमध्ये खारट गरम चहा. आपल्या गडचिरोलीत खर्रा, नंदुरबारकडे बिडी आणि तंबाखू-चुना, अनेक घरांत बायकांची मिश्री. धूर न काढणारी तंबाखू आणि सुपारी या दोन्ही गोष्टी अन्ननलिकेच्या कर्करोगाची कारणे म्हणून मान्य झालेल्या आहेत. "मी ओढत नाही, फक्त लावते" याने सुटका नाही. आणि या सगळ्यांच्या जोडीला गरिबी : फळ नाही, भाजी मोसमापुरती, बंद झोपडीत चुलीचा धूर.

शिवाय एका लोकसमूहात सापडलेली जनुकखूण दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही. २०१० मध्ये चिनी लोकांवरील दोन मोठ्या अभ्यासांत दहाव्या गुणसूत्रावर पीएलसीई-१ नावाच्या जनुकातील फरक ठळकपणे आढळला. दोनच वर्षांनी दक्षिण आफ्रिकेतील कृष्णवर्णीय रुग्णांत तपासले, तर चीनमधल्या त्या खुणा तिथे रोगाशी जुळल्या नाहीत. त्याच जनुकातली दुसरीच खूण जुळली. जगातील जनुक अभ्यासांतील बहुतांश माणसे युरोपीय किंवा पूर्व आशियाई वंशाची आहेत. त्यांच्या मोजपट्टीने धडगावच्या पावरा माणसाला मोजून त्याच्या हाती धोक्याचा आकडा देणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा चपला घालायला लावण्यासारखे आहे. म्हणून आपल्या त्या ज्येष्ठ सभासदांना माझे उत्तर : तपासणीचे पैसे दुसरीकडे वापरू.

मग हे सगळे जनुकांचे संशोधन वाया गेले का? मुळीच नाही. प्रतिकारशक्ती या गाठीला कशी ओळखते आणि गाठ तिच्यापासून कशी लपते, हे समजल्यामुळेच गेल्या काही वर्षांत निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब यांसारखी जागल्यांचे हात मोकळे करणारी औषधे या कर्करोगात वापरली जाऊ लागली आहेत. ती आज फार महाग आहेत. आणि माझ्या दृष्टीने त्या संशोधनाचा आणखी एक उपयोग आहे. दोन भाऊ एकाच चुलीवर जेवले, दोघांनी एकच बिडी ओढली, एक गेला आणि एक राहिला. यात त्या गेलेल्याचे पाप जास्त होते असे नाही, कदाचित त्याला आईवडिलांकडून वेगळ्या ताटल्या मिळाल्या होत्या, किंवा नुसताच योगायोग होता. आजाऱ्याच्या घरी भेटीला जाताना "काय केलं होतं त्यांनी?" असे विचारणारे लोक आपल्या मंडळ्यांतही आहेत. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांधाबद्दल तोच प्रश्न विचारतात, पाप कोणाचे, याचे की आईबापांचे, आणि प्रभू दोन्ही नाकारतो. यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायातही बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले ही म्हण देवच बंद करायला सांगतो. ती सून जेव्हा पोरांविषयी विचारते, तेव्हा तिला "रक्तात आहे" म्हणणे आणि "शिक्षा आहे" म्हणणे, दोन्ही सारखेच निर्दय आहे. तिला मी सांगितले : पोरांना थोडा जास्त धोका असू शकतो, कारण घर एक, चूल एक, थोडा वारसाही एक. पण त्यांनी बिडी-तंबाखू धरली नाही तर तो धोका फार मोठ्या प्रमाणात कमी होतो. आणि चुलीच्या धुराला वाट करून दे.

कामाच्या काही गोष्टी. घरात कोणाला हा आजार झाला असेल, तर बाकीच्यांची तंबाखू, मिश्री, दारू सोडवणे हे पहिले काम. चहा उतरवल्याबरोबर न पिता चारपाच मिनिटे थांबावे. आमच्या कार्यकर्त्या बशीत ओतून पिण्याचा जुना रिवाज पुन्हा सांगतात, आणि तो खरोखर चांगला आहे. शेवगा, तांदुळजा, अंबाडी, रानभाज्या रोजच्या ताटात याव्यात. आपल्या बियाणे वाटपात या वर्षी त्यांचे प्रमाण वाढवले आहे.

घास अडकणे, गिळताना दुखणे, कारण नसताना वजन घटणे दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकले तर दुर्बिणीची तपासणी करावी. घशातून बारीक नळी घालून आत पाहतात, संशय आला तर इवलासा तुकडा काढतात. भूल लागतेच असे नाही, आणि साधारण अर्ध्या तासात माणूस मोकळा होतो. गाठ लहान असेल तर ती काढता येते. पुढच्या टप्प्यात शस्त्रक्रिया, किरणोपचार, केमो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत यांतील बरेच उपचार मान्यताप्राप्त रुग्णालयांत विनाखर्च होतात. जाताना रेशनकार्ड आणि आधार कार्ड न्यावे, तिथे आरोग्यमित्राला भेटावे. मुंबईत टाटा रुग्णालयात जाणाऱ्यांना राहण्यासाठी दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेचा आधार आहे.

आणि ज्यांचा आजार पुढे गेला आहे, त्यांच्यासाठीही काही करता येते. पश्चिम केनियातील बोमेट येथे १९३७ पासून चालणारे टेनवेक मिशन रुग्णालय आहे. त्या भागात हा कर्करोग इतका आहे की तिशीच्या आतले रुग्णही येतात. तिथल्या डॉक्टरांनी हजाराहून जास्त रुग्णांच्या अन्ननलिकेत जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवली. ती आत उमलते आणि बंद झालेली वाट उघडते. रोग बरा होत नाही, पण माणूस उरलेले महिने घरच्यांच्या पंगतीत बसून जेवू शकतो. आपल्याकडेही मोठ्या रुग्णालयांत हे होते. नळी बसल्यावर पहिले काही दिवस पातळ पेज आणि ताक, मग मऊ भात. भाकरी द्यायची तर दुधात पूर्ण विरघळवून, लहान घास, बसूनच, आणि जेवणानंतर तासभर आडवे व्हायचे नाही. शिबिरातील नोंदवहीत अशा रुग्णांसाठी आता वेगळे पान केले आहे. आठवड्यातून एकदा त्यांच्या घरी कोणीतरी जाते आणि वजनकाटा सोबत नेते.